पंचम सोडायचा, गंधार धरायचा

गिटारच्या फक्त दोन तारा घ्या, चौथी आणि तिसरी (सगळ्यात बारीक ती पहिली, सगळ्यात जाड ती सहावी). चौथीवर ३ रा फ्रेट, म्हणजे गळ्यावरचं तिसरं घर, तिसरीवर ५ वा. छेडा. आता तिसरीवरचं बोट एक घर मागे, ४ थ्या फ्रेटवर घ्या. चौथी तशीच राहू द्या. छेडा. मग चौथीवरचं बोट एक घर मागे, २ ऱ्या फ्रेटवर, आणि या वेळी तिसरी तशीच. जॅझमध्ये ज्या चालीवाचून पान हलत नाही ती टू-फाइव्ह-वन, म्हणजे सप्तकातल्या दुसऱ्या, पाचव्या आणि पहिल्या सुरावरच्या कॉर्ड्स (एकत्र वाजणारे सूर) एकामागून एक, एवढीच आहे. बाकीचं सगळं हिच्या अंगावर घातलेलं.

पांढरी एकचा सा धरून हेच सूर म्हणून पाहा. आधी म आणि सा. मग सा नि वर उतरतो, म जागचा हलत नाही. मग म ग वर उतरतो, नि जागचा हलत नाही. एक चालतो तेव्हा दुसरा थांबून असतो. आणखी बारकाईनं ऐकलं तर यात एक गोष्ट लपलेली आहे. म-सा या जोडीत षड्ज-पंचमाचं नातं आहे, शेवटच्या ग-नि जोडीतही तेच आहे. मधल्या म-नि मध्ये मात्र तो संवाद तुटतो. जुळलेलं तुटतं आणि अर्ध्या सुराच्या हालचालीनं पुन्हा जुळतं. जॅझ ऐकताना पोटात जे हलतं ते या तुटण्या-जुळण्यामुळे.

बेळगावात दर गल्लीत नाही म्हटलं तरी एखाद-दुसरी पेटी असतेच. पं. रामभाऊ विजापुरे यांनी याच गावात राहून हार्मोनियमचे कितीतरी विद्यार्थी घडवले. भजनी मंडळांची पेटी तर खानापूर-निपाणीच्या खेड्यापाड्यांत पोचलेली आहे. मध्यमावर जरा रेंगाळून गंधारावर यायचं, हे इथल्या कानाला कुणी समजावून सांगावं लागत नाही. शिवाय सरगम ही इथली खरी सामाईक भाषा. तबल्याला कन्नड घरातला मुलगा आणि गिटारला मराठी घरातला असला तरी 'नि कोमल घे की' एवढं म्हटल्यावर दोघांचं भागतं.

म्हणून इथल्या मुलांनी जॅझ कॉर्ड्स आकृत्यांच्या वहीतून शिकायला बसावं याचं फार वाईट वाटतं. सहा उभ्या रेघा, त्यांवर काळे ठिपके, वर नाव. अशा शे-दोनशे आकृत्या पाठ होतात आणि एकीतून दुसरीत जाताना हात उडी मारतो, कारण कुठला सूर कुठे निघालाय हे ठिपक्यातून कळत नाही. सरगमीतून कळतं.

आता त्या दोन तारांखाली मूळ सूर लावू, म्हणजे ज्यावरून कॉर्डला नाव पडतं तो (सी म्हणजे आपला पांढरी एकचा सा, डी म्हणजे रे, जी म्हणजे प). डी मायनर सेव्हन: पाचव्या तारेवर ५ व्या फ्रेटला मधलं बोट, चौथीवर ३ ऱ्याला तर्जनी, तिसरीवर ५ व्याला अनामिका. जी सेव्हन: सहावीवर ३ ऱ्याला तर्जनी, पाचवी बंद, चौथीवर ३ ऱ्याला मधलं बोट, तिसरीवर ४ थ्याला अनामिका. सी मेजर सेव्हन: पाचवीवर ३ ऱ्याला मधलं बोट, चौथीवर २ ऱ्याला तर्जनी, तिसरीवर ४ थ्याला अनामिका. यांना शेल कॉर्ड्स म्हणतात. प्रत्येकीत तीनच सूर: कॉर्डचा स्वतःचा सा, त्याचा ग आणि त्याचा नि. मायनर सेव्हन असेल तर ग-नि दोन्ही कोमल. नुसती सेव्हन असेल तर ग शुद्ध, नि कोमल. मेजर सेव्हन असेल तर दोन्ही शुद्ध. कागदावर मेजर सेव्हनसाठी पुष्कळदा नुसता त्रिकोण काढलेला असतो, तो पाहून घाबरायचं कारण नाही.

इथे एक गोंधळ हमखास होतो. गाण्याचा सा वेगळा आणि कॉर्डचा सा वेगळा. मघाशी ज्याला आपण म म्हटलं, तोच सूर डी मायनरचा कोमल गंधार आहे आणि जी सेव्हनचा कोमल निषाद. मूर्च्छना, म्हणजे तेच सूर ठेवून सा बदलणं, ज्यांनी थोडी तरी घोटली आहे त्यांना हे सोपं जातं. इतरांनी प्रत्येक कॉर्ड दोनदा म्हणावी, एकदा गाण्याच्या सा नं, एकदा कॉर्डच्या सा नं. तोंडानं म्हणायचं, मनात नाही.

जी सेव्हनमध्ये सगळ्यांचं अडतं ते पाचव्या तारेपाशी. ती मोकळी वाजली तर खर्जात कॉर्डचा रे (गाण्याचा ध) घुमतो आणि कॉर्ड बिघडते. ती बंद करायचं काम तर्जनीचं. तर्जनीचं टोक सहाव्या तारेवर दाबलेलं, आणि नखाखालची मऊ कड पाचव्या तारेला नुसती टेकलेली. दाबलेली नाही, टेकलेली. बोट फार उभं धरलं तर कड तारेपर्यंत पोचत नाही. फार आडवं झालं तर सहाव्या तारेवरचा जोर जातो आणि ती खरखरते. तपासायची रीत सोपी आहे: एकेक तार सावकाश छेडा. सहावी वाजली पाहिजे, पाचवीतून फक्त 'टक्' असा मुका आवाज, चौथी आणि तिसरी स्वच्छ. दुसरी तार अनामिकेच्या पोटानं आपोआप बंद होते, होत नसेल तर अनामिका जरा झोपवा. अंगठा गळ्याच्या पाठीमागे, मधल्या बोटाच्या समोर ठेवा. बोट फ्रेटच्या धातूच्या पट्टीला लागून ठेवलं की निम्म्या जोरात काम होतं; पंजा आखडतो तो बहुतेक वेळा घराच्या मधोमध दाबल्यामुळे. सुरुवातीचे काही आठवडे पिक (तारा छेडायची चकती) बाजूला ठेवून अंगठ्यानं मूळ सूर आणि तर्जनी-मधल्या बोटानं वरचे दोन, असे चिमटीत एकदम उचलावेत. नको असलेल्या तारेला हात लागतच नाही.

पण पाचवी तार बंद ठेवायची तरी कशाला, तिथेच गंधार का घेऊ नये? पेटीवर करून पाहा. सा आणि ग मध्य सप्तकात एकत्र दाबले की गोड वाटतात, खर्जात तेच दाबले की गढूळ होतात. खालच्या सुरांना अंतर लागतं. म्हणून सहाव्या तारेवर मूळ सूर, मग एक तार सोडून नि, त्याच्यावर ग.

या सगळ्यात पंचम कुठे गेला? सोडला. तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला हे पहिल्यांदा चुकल्यासारखं वाटतं. तंबोऱ्याची पहिली तारच बहुतेक वेळा पंचमाची. पण मूळ सुराच्या तारेत तिसरा स्वयंभू स्वर म्हणून पंचम आधीच वाजत असतो. तो वेगळा वाजवून कॉर्डबद्दल नवीन काही कळत नाही. मेजर की मायनर, हे ग सांगतो. थांबायचं की पुढे जायचं, हे नि सांगतो. पंचम दोन्हींत तोच. मारव्यात, मालकंसात पंचमाशिवाय आपलं काही अडत नाही, तसंच इथे. अपवाद एकच: पंचम स्वतः हलवलेला असेल तर तो ठेवावाच लागतो. डी मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह घ्या. पाचव्या तारेपासून दुसरीपर्यंत ५-६-५-६. यातला ६ व्या फ्रेटवरचा चौथ्या तारेचा सूर म्हणजेच ती कॉर्ड. तो काढला की साधी मायनर सेव्हन उरते.

एक बोट आडवं दाबून घेतलेली सहा तारांची बार कॉर्ड मोठी आणि तीन सुरांची कॉर्ड कच्ची, ही समजूत पक्की घर करून बसलेली असते. काउंट बेसीच्या जॅझ वाद्यवृंदात फ्रेडी ग्रीन १९३७ पासून १९८७ पर्यंत गिटार वाजवत होते. पन्नास वर्षं, मात्रेला एक आघात, आणि कॉर्डमध्ये दोन-तीन सूर. कित्येकदा ठळक ऐकू येणारा एकच. जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्ट यांचा डावा हात १९२८ च्या आगीत भाजला, त्यानंतर सुरावटी त्यांनी मुख्यतः दोनच बोटांनी वाजवल्या. बोटं ताणण्याची हौस फिटेपर्यंत ताणावी, पण गिटारवर मोठं काम कमी सुरांतही झालेलं आहे.

आता ट्यूनिंग. इथे चांगल्या कानाचा माणूसच आधी फसतो, आणि त्याची चूक नसते. तंबोऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो तो सा पासून ३८६ सेंट्सवर असतो. सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग. गिटारचे फ्रेट समान स्वरांतरानं बांधलेले, तिथला गंधार ४०० सेंट्सवर. म्हणजे १४ सेंट्सनं चढा. हे अंतर इथला कान लगेच पकडतो. मग होतं असं: मोकळी जी मेजर धरून माणूस दुसरी तार ट्यून करतो. त्या कॉर्डमध्ये दुसरी तार म्हणजे गंधार. तो गोड लागेपर्यंत तार उतरवली जाते. जी मेजर तंबोऱ्यासारखी लागते, समाधान होतं. मग ई मेजर धरली की तीच दुसरी तार पंचम होते, आणि पंचम १४ सेंट्सनं उतरलेला. तो कुणालाही सहन होत नाही. मग पुन्हा खुंटी, पुन्हा जी मेजर बिघडली. तास जातो. ऑल इंडिया रेडिओनं १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली, १९७१ पर्यंत ती टिकली, तिच्यामागे याच सुरांची तक्रार होती. गिटारवर उपाय एकच: गंधारावर ट्यून करायचं नाही. ट्यूनरवर सहाही तारा लावा, किंवा एका तारेवरून दुसरी, समस्वर जुळवून. चढा गंधार जॅझमध्ये चालतो कसा? कॉर्ड्स लवकर बदलतात, तंबोऱ्यासारखा सा सतत उभा नसतो, आणि मेजर सेव्हनमध्ये ग-नि ही जोडी आपापसांत जवळजवळ शुद्ध पंचमाच्या अंतरावर असते. कान तिला धरून बसतो.

ट्यूनरवर सगळं बरोबर आणि पहिल्या तीन घरांत मात्र कॉर्ड बेसूर, असं असेल तर दोष कानात नाही, गळ्याच्या टोकाच्या नटमध्ये, म्हणजे तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीत आहे. तार ३ ऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर पाहा: तार आणि पट्टीत जेमतेम केसाएवढी फट हवी. फट मोठी असेल तर नटच्या खाचा उथळ आहेत, तार दाबताना ताणली जाते आणि सूर चढतो. खाच खोल करणं कारागिराचं काम. घरी कानस लावून खाच एकदा जास्त खोल गेली की नटच बदलावा लागतो.

जून ते सप्टेंबर हा आपल्याकडे गिटारच्या परीक्षेचा काळ. कणकुंबी-खानापूरकडचा पाऊस सोडा, बेळगाव शहरातसुद्धा भिंतींना ओल येते. लाकूड दमट हवा पितं, गिटारचं पोट फुगतं, त्याच्याबरोबर ब्रिज (पोटावरची, तारा अडकवलेली पट्टी) वर येतो आणि तारा गळ्यापासून उंच जातात. १२ व्या फ्रेटवर सहाव्या तारेखाली २.५ मिमीच्या आसपास अंतर असलेली अकूस्टिक गिटार ऑगस्टमध्ये ३ मिमीच्या पुढे गेली, तर शेल कॉर्ड्ससुद्धा बोटं कापतात आणि शिकणारा स्वतःला दोष देत बसतो. बाहेरच्या भिंतीवर गिटार टांगू नका. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४५ ते ५५ टक्क्यांत हवा. पुड्या महिन्याभरात भरतात, त्या वाळवायच्या किंवा बदलायच्या. तारा १२ च्या संचाऐवजी (आकडा पहिल्या तारेच्या जाडीचा, इंचाच्या हजाराव्या भागांत) ११ किंवा १० चा लावला तर शिकण्याच्या काळात पंजा वाचतो.

चौथा सूर आता दुसऱ्या तारेवर, करंगळीनं. डी मायनरवर दुसऱ्या तारेचा ५ वा फ्रेट लावा, झाली डी मायनर नाइन. जी सेव्हनवर तोच ५ वा फ्रेट तसाच राहू द्या, झाली जी थर्टीन. सी मेजरवर दुसऱ्या तारेचा ३ रा फ्रेट. इथे करंगळी तिसऱ्या तारेच्या ४ थ्यावर जाते आणि अनामिका दुसरीच्या ३ ऱ्यावर. झाली सी मेजर नाइन. वरचे सूर: ग, ग, रे. आता फक्त मधल्या कॉर्डमध्ये दुसऱ्या तारेवरचं बोट ५ वरून ४ वर आणा. वरचे सूर झाले ग, कोमल ग, रे. ही जी सेव्हन शार्प फाइव्ह. नाव ऐकून दडपण येतं, काम एका बोटाचं, एका घराचं. खाली म थांबलाय, सा नि वर उतरलाय आणि वर गंधार पायरीपायरीनं उतरतोय. हे तीन घास सावकाश, एकामागून एक, निदान आठवडाभर रोज १५ मिनिटं वाजवावेत. घाईनं पुढची कॉर्ड शिकण्यासारखं यात काही नाही.

कोमल रिषभाचा एक उपयोग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जी सेव्हनच्या पोटातली म-नि जोडी सहा अर्ध्या सुरांच्या अंतरावर आहे, म्हणजे बरोबर अर्धं सप्तक. उलटी केली तरी अंतर तेवढंच. त्यामुळे हीच जोडी आणखी एका सेव्हन कॉर्डची ग-नि होते: काळी एकची, डी फ्लॅट सेव्हन. तिथे म हा गंधार आणि नि हा कोमल निषाद. मग जी ऐवजी ती घ्यायची. डी मायनर सेव्हन ५-३-५, डी फ्लॅट सेव्हन ४-३-४, सी मेजर सेव्हन ३-२-४, तिन्ही पाचवी-चौथी-तिसरी या तारांवर, तिन्हींना तीच तीन बोटं. पहिल्या पायरीला तर्जनी थांबते, मधलं बोट आणि अनामिका एक घर मागे येतात. दुसऱ्या पायरीला अनामिका थांबते, मधलं आणि तर्जनी मागे येतात. एकही बोट तार सोडत नाही. खर्जात रे, कोमल रे, सा. जी सेव्हनमध्ये म जागेवर राहूनही बोट बदलावं लागत होतं; इथे बोटही तेच राहतं. ज्याला जॅझ म्हणजे हाताची कसरत वाटते त्यानं ही एक चाल दहा मिनिटं वाजवावी.

हिंदी चित्रपटसंगीतानं हे आवाज आपल्या कानात आधीच भरून ठेवले आहेत. चोर्ला घाटापलीकडच्या गोव्यातून मुंबईत गेलेले सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट यांच्यासारखे वादक आणि संयोजक त्या वाद्यवृंदांचा कणा होते.

ताल इथे थोडक्यात सांगतो, कारण तो वाचून येत नाही. मेट्रोनोम (लय मोजणारं यंत्र) मिनिटाला ५० वर लावा आणि प्रत्येक टिकटिक म्हणजे चार मात्रांतली १ न समजता २ आणि ४ समजा. खरी लय १०० झाली. एक आणि तीन तुम्ही स्वतः धरायचे. बेळगावच्या विणकरांच्या वडगाव-खासबागेत राहणाऱ्यांना मेट्रोनोमचीही गरज नाही. शेजारच्या मागाचा खटका दिवसभर एकसारखा चालूच असतो, त्यात २ आणि ४ शोधायचे. प्रत्येक आघातानंतर डावा हात किंचित सैल सोडायचा, तारेवरून उचलायचा नाही. सूर लांबला की लय जड होते.

शेवटी चारही सूर वरच्या चार तारांवर. पेटीवर सा-ग-प-नि एका पंजात बसतात. गिटारवर तसे शेजारी शेजारी बसत नाहीत, बोटं पोचत नाहीत. मग वरून दुसरा सूर, म्हणजे प, एक सप्तक खाली टाकायचा: प-सा-ग-नि. चौथी ते पहिली तार, ५-५-५-७. यालाच ड्रॉप-टू म्हणतात. हेच चार सूर फिरवत गळ्यावर वर गेलात की सी मेजर सेव्हनच्या चार जागा मिळतात: २-४-१-३, ५-५-५-७, ९-९-८-८ आणि १०-१२-१२-१२. आकार पाठ करण्याआधी पहिल्या तारेवर कुठला सूर आला ते पाहा. अनुक्रमे प, नि, सा, ग. म्हणजे सुरावटीत सा आला तर ९-९-८-८, ग आला तर १०-१२-१२-१२. मध्ये रे आला तर? तिथे बी डिमिनिश्ड सेव्हन, ९-१०-९-१०. तर्जनी, अनामिका, मधलं, करंगळी या क्रमानं. हा आकार दर तीन घरांनी स्वतःचीच पुनरावृत्ती करतो, म्हणून म साठी तोच उचलून १२-१३-१२-१३ वर न्यायचा. आणि हे डिमिनिश्ड म्हणजे मूळ सूर काढून टाकलेली जी सेव्हन फ्लॅट नाइनच, पोटात तीच म-नि जोडी.

आता पेटीवर पहिल्या आठवड्यात शिकवतात तो अलंकार घ्या. सारेग, रेगम, गमप. प्रत्येक सुराखाली त्याची कॉर्ड, घाई न करता, वरचा सूर गळ्यानं म्हणत. गमपच्या प ला वरची जागा १४-१६-१३-१५ आहे, पण अकूस्टिक गिटारवर हात पोटावर अडतो. तिथे सरळ खाली २-४-१-३ वर यायचं. सूर एक सप्तक खाली जातो, तो तसाच म्हणायचा.